हिरवळीखालची अंगठी

नगरपालिकेच्या बागेत प्रल्हादरावांचा मेटल डिटेक्टर एका जागी वाजला, तशा कुमुदताई लगबगीने तिथे वाकल्या. गेलेल्या नवऱ्याची अंगठी त्यांच्या बोटातून इथेच कुठेतरी निसटली होती.

हरवलेल्या वस्तू शोधणं ही प्रल्हादरावांची हौस. त्यांनी खुरपं काढलं, तेवढ्यात रखवालदार तुळाजी धावत आला. "आधी परवानगीचा कागद आणा, मगच खणा."

कागद मिळायला दोन दिवस लागले. एव्हाना अंगठी कुणीतरी नेली असणार, या धास्तीनेच कुमुदताई बागेत आल्या. तुळाजी नेमक्या त्याच जागेवर खुर्ची टाकून बसला होता.

"दोन दिवस इथं कुणाला फिरकू दिलं नाही, ताई."

बोटभर मातीखाली अंगठी सापडली. कुमुदताईंनी रडतच तुळाजीचे दोन्ही हात धरले.

तो संकोचला. "आधी गवत नीट बसवून घेऊ, ताई."