सुखदेवचं खोटं

सुखदेव मेकॅनिकला खोटं बोलायची काही गरज नव्हती. निदान मुक्ताईसमोर तरी. कुणाची अब्रू राखायची तर आधी त्याला विचारावं. हा बाबा योगेशपुढे हात बांधून सांगून मोकळा झाला, "पॉइंट जळले होते, साहेब. मागच्या महिन्यात घासायचे राहून गेले. चूक माझी."

आणि आता फियाटच्या बॉनेटखाली डोकं घालून तेच पॉइंट कायमचे काढत होता.

योगेशने बंगळूरहून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा आणला होता, बिस्किटाच्या पुड्याएवढा. यात घासायचं काही नाही, झिजायचं काही नाही, तो आईला, मुक्ताईला, समजावत होता, कुणी आळस केला तरी गाडी दगा देणार नाही. 'कुणी' म्हणताना बघत होता सुखदेवकडे. एवढं बसवून द्या, यापुढे गाडी हडपसरच्या सर्व्हिस सेंटरला जाईल, असंही त्याने सुनावलं. सुखदेव नुसता हुं म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत या गाडीला दुसऱ्या कुणाचा पान्हा लागला नव्हता.

मुक्ताई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. निवडत कसली, खड्यांबरोबर दाणेही फेकत होती.

सोमवारी सुनेची, राजनंदिनीची, हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत होती. सेल्फ फिरला, इंजिन काही बोललं नाही. मांजरी गावातून रिक्षा मिळेपर्यंत नऊ वाजले, आणि गेटवरच तिला सांगितलं की आजची यादी बंद झाली. पोरगी परत आली, इस्त्रीचा ड्रेस बदलला आणि भाकरी थापायला लागली. एक शब्द बोलली असती तर मुक्ताईने दहा ऐकवले असते. बोलली नाही, तिथेच पंचाईत झाली.

त्याच संध्याकाळी सुखदेवने डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आत दोन इवलेसे पॉइंट. ते एकमेकांना टेकले नाहीत की ठिणगी नाही, ठिणगी नाही की गाडी नाही. त्यांच्या फटीत कागदाचा चिटोरा होता, बारीक घडी घातलेला. सुखदेवने तो हुंगला. मोगऱ्याची अगरबत्ती. त्याने देवघराच्या खिडकीकडे पाहिलं, मग मुक्ताईकडे, आणि चिटोरा खिशात टाकला.

युक्ती त्याचीच. मुक्ताईचे यजमान हिंमतराव होते तेव्हा ते परगावी गेले की सांगायचा, वहिनी, एवढा कागद घाला, चोर आला तरी गाडी जागची हलायची नाही. हिंमतरावांनी बायकोला पान्हे धरायला लावले, टोपी काढायला शिकवली, स्टेअरिंगला मात्र बोट लावू दिलं नाही. गाडी अडवायची विद्या तेवढी तिच्याकडे आली, चालवायची आली नाही. आणि ही काल आलेली सून एका हाताने गाडी फाटकातून बाहेर काढायची.

"झालं," सुखदेव म्हणाला.

योगेशने बायकोला बसायला सांगितलं. तिने किल्ली फिरवली आणि गाडी न खोकता पहिल्या फटक्यात सुरू झाली. "बघ, झीरो मेंटेनन्स," योगेश खुशीत म्हणाला. सुखदेव हत्यारं गोळा करायला लागला. एकेक पान्हा पुसायचा आणि फडक्यात ठेवायचा. नेहमी एवढं पुसत नसे.

राजनंदिनीने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"काका, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि मनाला लावून घेऊ नका. चुकतो माणूस."

सुखदेवने मान डोलावली. दुसऱ्याच्या वाटणीची माफीसुद्धा त्याने मुकाट्याने पदरात घेतली.

हे मात्र अति झालं. मुक्ताईने सूप खाली ठेवलं, उठली, गाडीपाशी आली. सुनेकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून सुखदेवकडेच बघत राहिली.

"बंद कर गं ती गाडी," म्हणाली. मग शेजारच्या अंगणातही ऐकू जाईल अशा आवाजात, "सुखदेव, खोटारडा आहेस तू. कागद मी घातला होता. पॉइंट कुठले जळतायत? जळले होते ती मी."