पळवाट

"कोण गेलं गं, माय?" हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईने विचारलं, तशी कांचन थांबली. या सपाट मुलखातल्या गावांत बाईमाणूस असं धावत निघालं, की घरात काही वाईट झालं असंच लोकांना वाटायचं.

"कुणी नाही, मावशी. व्यायामाला पळते," ती धापा टाकत म्हणाली.

भाऊ गेल्यापासून ती रोज तालुक्याच्या गावातून निघायची. कपाशीची रानं, एक गाव, पुन्हा रानं, पुढचं गाव. अंग पार मोडून आलं, की तेवढी झोप लागायची. तिने डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं, घरचे म्हणायचे, "पोरगी धीराची आहे."

मावशीने तिचा चेहरा निरखला आणि कळशी खाली ठेवली. "व्यायामाचं तोंड असं नसतं, माय. कोण होतं तुझं?"

"भाऊ," म्हणताच कांचन पंपाच्या ओल्या ओट्यावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मागे कळश्या घेऊन बायांची रांग लागली होती, पण पंपाचा दांडा कुणीच हलवला नाही.