डेझी क्वीन होती तरी कोण?

"चोर! सरळ चोर म्हण त्याला!" लूशस टार्व्हरनं टेबलावर मूठ आपटली तसा समोरचा माइक हादरला आणि सभागृहात टाळ्या कडाडल्या.

अमेरिकेतल्या सवाना शहरातल्या रेडिओ केंद्रानं लूशसच्या ऐंशीव्या वाढदिवसाला जाहीर कार्यक्रम ठेवला होता. पंचावन्न साली त्यानं गायलेलं 'डेझी क्वीन' पुढं कितीकांनी आपापल्या परीनं गायलं. त्यातली श्रोत्यांच्या आवडीची गाणी आज एकेक करून वाजत होती. आत्ताच वाजलं ते एका गोऱ्या पोराचं. लूशसची तबकडी दुकानात येते न येते तोच त्या पोरानं तेच गाणं धुतल्या-इस्त्री केल्या आवाजात गायलं, आणि अख्ख्या देशाला वाटलं, गाणं त्याचंच.

"ह्याला आपण कव्हर म्हणतो," निवेदिका शनीस सावरून घेत म्हणाली.

"नक्कल म्हण, पोरी, नक्कल! आम्ही काळे मागच्या दारानं आत शिरायचो, आणि तो माझं गाणं घेऊन पुढच्या दारानं ऐटीत बाहेर पडला. अरे, ज्याचं गाणं त्याचं निदान नाव तरी घे! तिथं मिठाची गुळणी धरली होती का?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोची, एव्हलिनाची, तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गोऱ्या पोरावर तिचा राग नव्हता असं नाही, चांगला होता. पण आज तो त्याच्या वाट्याला यायचा नव्हता.

कारण गाणं लूशसचं नव्हतंच मुळी. ते एव्हलिनाच्या थोरल्या बहिणीचं, ड्रूसिलाचं. सवानाजवळच्या सेंट हेलेना बेटावरच्या बायका अंधारातच होड्या वल्हवत कालवं काढायला निघायच्या, तेव्हा ड्रूसिलानं ते रचलं होतं. बेटावरची माणसं पहाटेला 'डे-क्लीन' म्हणतात. रात्रीचा काळोख धुऊन दिवस स्वच्छ निघाला, असं. 'डे-क्लीन, डे-क्लीन, आज उशीर का गं केलास?' असं ड्रूसिला पहाटेला विचारायची, आणि बाकीच्या बायका वल्ह्यावर ताल धरायच्या.

लूशस आतल्या मुलखातला, पाइनच्या रानातला. एव्हलिनाला मागणी घालायला बेटावर आला, ओसरीवर बसून गाणं ऐकलं. बेटावरची बोली त्याला निम्मी कळायची नाही. त्याला वाटलं, डेझी क्वीन म्हणून कुणी पोरगी आहे आणि तिला भेटायला उशीर झालाय! तेच त्यानं पियानोवर धडाधडा वाजवत, किंचाळत गायलं आणि रातोरात मोठा झाला. तेव्हापासून सगळं जग जन्मालाच न आलेल्या एका पोरीसाठी झुरतंय. डेझी कोण, असं कुणी विचारलं की लूशस कधी न्यू ऑर्लीन्सची सांगायचा, कधी शिकागोची. एकदा तर बेधडक म्हणाला, "ही काय, माझी बायकोच!" त्या रात्री एव्हलिनानं त्याचं ताट टेबलावर आदळलं होतं.

आता ड्रूसिला अंथरुणाला खिळली होती. आठवडाभर पेजेवर होती, तीही दोन घास घेतले तर घेतले. "लीना," ती म्हणाली होती, "माझं गाणं माझं आहे, एवढं लोकांसमोर एकदा ऐकू दे. मग मी जायला मोकळी." सकाळी शर्टाची बटणं लावताना लूशसनं शब्द दिला होता, "आज सांगतो. आईची शपथ." बेटावर भाचीनं ड्रूसिलाच्या उशाशी रेडिओ लावून ठेवला होता.

शेवटचं गाणं एका तरुण मुलीचं होतं. नुसती गिटार आणि संथ, अगदी संथ आवाज. वल्ही पाण्यात बुडावीत तसा ताल. एव्हलिनाचे डोळे भरून आले.

"मिस्टर लूशस," गाणं संपल्यावर शनीसनं विचारलं, "आज सांगूनच टाका. ही डेझी क्वीन होती तरी कोण?"

एव्हलिनानं टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. "सांग, टार्व्हर. ड्रू ऐकतेय."

लूशस खाकरला. त्यानं भरलेल्या सभागृहाकडं पाहिलं, हॅट सरळ केली आणि डोळा मिचकावला. "होती एक! पण बायको शेजारी बसलीये, नाव कसं घेऊ?"

लोक हसून हसून लोटपोट झाले.

"लाज विकून खाल्लीस का रे?" एव्हलिना दातओठ खात पुटपुटली.

"घरी बोलू, लीना," तो हसरा चेहरा न मोडता कुजबुजला. "आज माझा दिवस आहे."

शनीसला यातलं काहीच कळलं नाही. ती कौतुकानं एव्हलिनाकडं वळली. "मिस एव्हलिना, तुम्ही तर सगळीच गाणी ऐकलीत. तुमची सगळ्यात आवडती नक्कल कुठली?"

एव्हलिनानं माइक स्वतःकडं ओढला.

"ड्रू, ऐकतेस ना गं?" ती आधी म्हणाली. मग लोकांकडं वळली. "डेझीही नव्हती आणि क्वीनही नव्हती. माझी बहीण ड्रूसिला होडीतून पहाटेला हाक मारत होती. डे-क्लीन! गाणं तिचं आहे. शब्दही तिचे, चालही तिची."

लूशसचा हात माइककडं आला, तो तिनं फटकन बाजूला सारला.

"म्हणजे..." शनीस चाचरली, "मग तुमची आवडती नक्कल...?"

"ह्याचीच की!" नवऱ्याकडं बोट दाखवत एव्हलिना म्हणाली. "शब्द चुकलाय, नाव गिळलंय, पण नक्कल म्हणशील तर झकास आहे."