मिसेस पेटिग्रूंना मागणी

“माफ करा हं, पुन्हा विसरले!” एनिड थ्रॉसेल म्हणाली आणि समोरचे प्रेक्षक पुन्हा खो खो हसले. बसा भरभरून, सँडविचचे डबे घेऊन चित्रीकरण बघायला आलेली साधी माणसं ती. त्यांना मजाच वाटत होती. वर काचेच्या खोलीत बसलेला निर्माता डेस्मंड मात्र केस उपटत होता. इतक्या वर्षांत या बाईने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आणि आज हे काय चाललं होतं!

“जाऊ द्या हो,” कॅमेरावाला म्हणाला. “शेवटचा दिवस आहे तिचा. मन थाऱ्यावर नसेल.”

टीव्हीवरची ही मालिका होती दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली, आणि विनोदी. समुद्रकाठचं गाव, डोक्यावर बाँब, आणि आग विझवायला निघालेले पेन्शनीतले म्हातारे. त्यांच्या गावात लोकरीचं दुकान मिसेस पेटिग्रूंचं. विधवा, आणि नखरेल म्हणजे किती नखरेल! बंबवाला कुणीही दुकानात शिरला की या टेप घेऊन पुढे. “स्वेटरचं माप घेते हं. श्वास घ्या, मिस्टर हॉबडे. अजून थोडा. अगंबाई!” एवढ्यावर सगळं इंग्लंड हसायचं. ही मिसेस पेटिग्रू म्हणजे आपली एनिड.

पण सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये तालमीला नवा भाग हातात पडला. बंबाचा ड्रायव्हर हॉबडे मिसेस पेटिग्रूंना मागणी घालतो. त्या लाजून हो म्हणतात. मग तो त्यांना बाँबपासून लांब, वेल्समध्ये बहिणीच्या शेतावर पाठवून देतो. कायमची. थोडक्यात, एनिडला नारळ.

“विधवेची गंमत शिळी झाली, एनिड,” डेस्मंड चहात बिस्किट बुडवत म्हणाला. पोराच्या वयाचा होता तिच्या. “पण शेवट कसा गोड केलाय, बघितलंत ना?”

साठी ओलांडलेल्या नटीला दुसरं काम कोण देतंय? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आता घरी बसून भिंतींशी गप्पा मारायच्या, याची तिला मनातून भीती वाटली. पण ती फक्त “बरं” म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. काय समजूतदार बाई, असं सगळे म्हणाले.

समजूतदार कसली! स्टुडिओत एक नियम होता. ठरलेली वेळ झाली की वीजवाले दिवे घालवणार म्हणजे घालवणार. निर्मात्याने पाय धरले तरी ऐकणार नाहीत. एनिड दर प्रसंगात चुकत होती, ती हिशेबाने चुकत होती. शेवटचा प्रसंग उरला तेव्हा वेळही जेमतेम तेवढीच उरली.

“एकदाच होईल, पुन्हा घेता येणार नाही,” सेटवरची व्यवस्था बघणारा माणूस सगळ्यांना बजावून गेला. एनिडने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

हॉबडेचं काम करायचा ॲम्ब्रोज क्विल्टर. ब्रह्मचारी, आणि लाजाळू इतका की विचारू नका. रोज तालीम संपली की एनिडची पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत यायचा आणि सगळी वाट हवेबद्दलच बोलायचा.

तो गुडघ्यावर बसला. डबी उघडली. तालमीत तिच्यात पडद्याची पितळी कडी होती. आज आत जुनी, छोट्याशा लाल खड्याची खरी अंगठी होती. “मिसेस पेटिग्रू, माझ्याशी लग्न कराल?” शब्द कागदावरचेच होते, पण आवाज हॉबडेचा नव्हता. तो ॲम्ब्रोजचा स्वतःचा होता.

आता आली का पंचाईत! हे एनिडच्या हिशेबात नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती खरोखरच बोलायचं विसरली. प्रेक्षक श्वास रोखून बसले. वर डेस्मंड ओठांनी “हो, हो” करत होता.

एनिडने डोळे टिपले. हनुवटी वर केली.

“मिस्टर हॉबडे, लढाई चालू आहे,” ती म्हणाली. “साखर, लोणी, अंडी, सगळं सगळ्यांना थोडंथोडं मिळालं पाहिजे असा सरकारचा हुकूम आहे. मग मी अख्खी तुमच्या एकट्याच्या वाट्याला कशी येऊ? नाही बाई. चला, उठा, रांगेत उभे राहा.”

छप्पर उडेल असं हसू उसळलं. लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले, आणि त्या टाळ्यांतच दिवे गेले. डेस्मंड अंधारात जिन्यावरून धडपडत खाली आला.

“अहो बाई, काय केलंत हे! आता वेल्सला कोण जाणार?”

“तुम्ही जा,” एनिड म्हणाली. “हवा चांगली आहे म्हणतात.”

तो प्रसंग कापावा तर भागाला शेवटच उरत नव्हता, आणि टाळ्या तर अजून थांबल्या नव्हत्या. डेस्मंड कपाळाला हात लावून खुर्चीत बसला आणि पुढच्या भागात मिसेस पेटिग्रूंनी कुणाचं माप घ्यावं, याचा विचार करायला लागला.

सेटच्या मागे ॲम्ब्रोज डबी मिटून उभा होता.

“आईची अंगठी होती ती,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मी मनापासून विचारलं होतं, एनिड.”

“कळलं ना मला.”

“मग नकार का दिलात?”

एनिडने टोपी सारखी केली आणि आपली पिशवी त्याच्या हातात दिली.

“अहो, तुम्ही विचारलंत मिसेस पेटिग्रूंना. त्या नाही म्हणाल्या. मला कुठे अजून कुणी विचारलंय?”