मोकळा पट्टा

होळीच्या आत घराभोवतीचं वाळलं गवत काढायचं, ही धुरपदाबाईच्या माहेरची रीत. गेल्या वर्षी इथं पलसाण्यात नवीन राहायला आली होती म्हणून राहून गेलं. शेजारच्या उसाचं पाचट पेटवलं तेव्हा आग गवतातून सरपटत आली अन् दावणीची शेळी खाऊन गेली. यंदा तिनं आठवडाभर विळा चालवून घरामागं दहा हात रुंद पट्टा अंगणासारखा लख्ख केला. आज बघते तर त्याच पट्ट्यावर डाइंग मिलच्या टेम्पोनं चिंध्यांचा ढीग ओतलेला! तिनं त्यातल्या चिंध्यांचं गाठोडं बांधलं आणि तडक मिलचं ऑफिस गाठलं. सुपरवायझर वाल्मिक तिच्याच गावचा, तिच्याच बोलीचा. "मामी, जागा मोकळी दिखनी म्हनीसन टाकं," तो हसत म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरांखाली तिनं गाठोडं सोडून चिंध्या ओतल्या. "ऱ्हाऊ दे आठेच. आग विझाडानं सामान तुमनाकडे शे. मनाकडे नुसता इळा शे."