टाइप करणाऱ्याची अक्षरं

एकोणऐंशी साली रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीनं मला टायपिस्टची नोकरी द्यायचं जवळपास नक्की केलं. फक्त मी कामाला कसा आहे, ते त्यांनी पत्र पाठवून माझ्या बहरीनच्या साहेबाला विचारलं. माझा पासपोर्ट याच साहेबाच्या कपाटात. सात वर्षं त्याची सगळी पत्रं मीच टाइप करत होतो. एक अक्षर चुकलं तरी तो कागद फाडायचा. या पत्राचं उत्तरही त्यानं मलाच सांगितलं.

“लिही. व्हॅलेरियन डाबरे निष्काळजी आहे. पानोपानी चुका करतो. त्याला घेऊ नये.”

मी टाइप केलं. एकही चूक नाही. मग ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घातली: व्ही. डी. रॉटरडॅमवाल्यांना डोळे असतील, तर एवढं स्वच्छ पत्र कुणाच्या हातचं आहे ते त्यांना कळेल.

साहेबानं सहीसाठी पेन उघडलं आणि त्या दोन अक्षरांपाशी थांबला. माझ्याकडे बघून हसला.

“ही नकोत. पुन्हा टाइप कर.”

तो माझ्या पाठीमागेच उभा राहिला. चार ओळींत पाच चुका झाल्या. सवयीनं मी कागद मशीनमधून ओढायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला.

“राहू दे,” साहेब म्हणाला. “आता घाल खाली तुझी अक्षरं.”