परक्यांच्या जोड्या

आलेखाच्या मधोमध टेकडी उभी होती. लहानशीच, पण डोळ्यांत भरणारी. खाली कोपऱ्यात तो काढणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव होतं, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या आलेखाखाली. चार वाजताच्या बैठकीत तिचे मार्गदर्शक सर तो सगळ्यांना दाखवणार होते. बाबांना तिने सकाळीच फोटो पाठवला होता. त्यातलं ओ की ठो कळत नसूनही ते तो चार घरी दाखवून आले होते.

"परक्यांच्या जोड्या लावून पाहिल्यास?" शेजारच्या खुर्चीवरून ताईने विचारलं. ही गटातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी; सगळेच तिला ताई म्हणत.

"वेळच नाही झाला गं."

"वीस मिनिटांचं तर काम! हे बघ, शिशाची दोन अणुकेंद्रं आपटली की हजारो कण उधळतात. एका टकरीतले कण ती भावंडं. त्यांच्यात साम्य दिसलं की आलेखात टेकडी उठते आणि आपण खूश. पण एक कण या टकरीतला घे, एक त्या टकरीतला. जन्मात न भेटलेले. त्यांचंही नाक सारखंच दिसलं, तर दोष आरशाचा, म्हणजे कण टिपणाऱ्या आपल्या डिटेक्टरचा." कप उचलून ताई चहाला निघाली. "माझं आपलं सांगायचं काम."

तिने जोड्या लावल्या. पडद्यावर ठिपके पेरल्यासारखे पडत गेले, आणि हळूहळू टेकडी उगवली. तीच. तिथेच.

तिने डिटेक्टरच्या बिघडलेल्या पट्ट्यांची यादी उघडली. पहिल्याच दिवशी वाचायची ती यादी तिने आजवर उघडलीच नव्हती. डिटेक्टरची एक पट्टी नसलेले कण मोजत बसली होती.

खोलीत कुणी नव्हतं. हे पान मिटलं असतं, तर आज तरी कुणाला पत्ता लागला नसता. घड्याळात साडेतीन झाले होते.

ती उठली आणि सरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, ती टेकडी खोटी आहे."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण म्हणतं?"

"मीच. परक्यांतही दिसतेय."

सरांनी एक कळ दाबली. त्यांच्या पडद्यावरचा आलेख गेला. पानभर पांढरं उरलं, कोपऱ्यात तिचं नाव.

"नाव राहिलंय, सर."

"राहू दे. चार वाजता तूच उभी राहा. टेकडी कशी पाडलीस ते सांग."

बाहेर येताच फोन थरथरला. बाबांचा निरोप होता: 'शेजारचे काका विचारतायत, हा डोंगर कुठला?'

'तो नाहीच, बाबा,' तिने लिहिलं. मग जरा थांबून खाली जोडलं, 'हे मी शोधून काढलं.'